डोमाजींच्या डब्यावर चालणारा माग

शेजाऱ्याचं काय पाहून जळावं आणि काय पाहून जळू नये, याचे काही नियम असतात. शेजाऱ्यानं घरावर स्लॅब टाकला, त्याच्या पोराला नोकरी लागली, त्याच्या बोअरला पाणी लागलं, तर माणसानं खुशाल जळावं. त्यात कोणी नावं ठेवत नाही. पण बाजारात कुठंही मिळणारा, तळहाताएवढा, लाल रंगाचा गाणी वाजवायचा डबा पाहून जळणं हे घरंदाज माणसाचं लक्षण नव्हे. आंधळगावचे टिकाराम निपाने घरंदाज होते, शिवाय पतसंस्थेत कारकून होते, आणि तरीही ते जळले. चांगले सव्वा महिना जळले.

डबा शेजारच्या डोमाजी रामटेक्यांचा. डोमाजी अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त माणूस एक तर तीर्थयात्रा करतो, नाहीतर घरी बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवतो. डोमाजींनी यातलं काहीच केलं नाही. ते तुमसरला गेले आणि हा डबा घेऊन आले. आत नखाएवढं कार्ड, त्या कार्डात हजार गाणी, वर ओढायची एरियल आणि समोर निळा दिवा. सकाळी बुद्धवंदना, मग भीमगीतं, दुपारी जुनी हिंदी गाणी, उन्हं उतरली की दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाट्याची, ढोलकी. एकेकाळी त्या गल्लीत रेडिओ फक्त टिकारामबाबूंकडे होता आणि बातम्या ऐकायला लोक त्यांच्या ओट्यावर येत. तो रेडिओ आता माळ्यावर होता आणि त्यात पाल राहत होती.

इथं निपान्यांच्या मागाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. टिकारामबाबूंच्या वडिलांचा, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग घरात होता आणि त्यावर शेवंताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कोशाच्या रेशमी साड्या विणायच्या. आता माग हे एकट्याचं काम नव्हे. उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवायची, ती बघता बघता संपते, की लगेच दुसरी भरलेली तयार पाहिजे. एकानं विणायचं आणि दुसऱ्यानं चरख्यावर कांड्या भरायच्या, अशी कोष्ट्याच्या घरची रीत. सासूबाई होत्या तोवर त्या भरायच्या. त्या गेल्यावर शेवंताबाईंनी एकदा नवऱ्याला सुचवून पाहिलं होतं.

“मी?” टिकारामबाबू हातातला चहा सांडता सांडता म्हणाले होते. “पतसंस्थेचा बाबू चरख्यावर बसला असं गावानं पाह्यलं, तर ठेवीदार उद्याच ठेवी काढून नेतीन.”

शेवंताबाई उठून मागावर गेल्या. त्यानंतर कांड्या कोण भरतं हा प्रश्न टिकारामबाबूंना पडला नाही. भात कोण शिजवतं हाही कधी पडला नव्हता.

तर वैशाखातला एक रविवार. टिकारामबाबू जेवून आडवे झाले होते. आतल्या खोलीत मागाचं खट्ट-खट्ट चाललं होतं, शेजारी डोमाजींचा डबा चालला होता, आणि टिकारामबाबूंचा डोळा लागणार तेवढ्यात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ते उठून बसले. शेजारची ढोलकी आणि घरातला माग एकाच ठेक्यावर चालले होते. ढोलकी जलद झाली की माग जलद. गाणं संथ झालं की माग संथ. घर त्यांचं, माग त्यांच्या वडिलांचा, बायको त्यांच्या लग्नाची, आणि ताल डोमाजींचा!

तेवढ्यात पलीकडे बासरीचं गाणं सुरू झालं. माग थांबला. शेवंताबाई मागाच्या खड्ड्यातून वर आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि परसात गेल्या. दोन मिनिटांनी पदराखाली काहीतरी धरून परत आल्या. पलीकडे ढोलकी सुरू झाली, इकडे माग सुरू झाला. आणि शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. टिकारामबाबूंनी ते हसू ओळखलं. त्यांच्याकडे पाहून ते शेवटचं आलं होतं तेव्हा भंडारा-गोंदिया जिल्हा अजून एकत्र होता.

“कुठं गेली होती?” त्यांनी विचारलं.

“परसात.”

“कायले?”

“परसात कायले जातेत?”

टिकारामबाबूंनी मग कारकुनाला जे येतं ते केलं. पतसंस्थेचा एक पाठकोरा कागद घेतला, रेघा मारल्या आणि बासरी वाजल्याची वेळ, बायको उठल्याची वेळ, परत आल्याची वेळ असे तीन रकाने भरले. दिवे लागेपर्यंत बासरी पाच वेळा वाजली आणि शेवंताबाई पाचही वेळा उठल्या. पाचव्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

तो कागद त्यांनी फक्त पानठेलेवाल्या मंगरूला दाखवला, आणि तोही आपला नव्हे, एका ओळखीच्या माणसाचा म्हणून. मंगरूनं कागद पाहिला, टिकारामबाबूंचं अक्षर पाहिलं आणि त्या ओळखीच्या माणसाची मनापासून कीव केली.

“बाबू, त्या मानसाले सांगजा,” चुना लावत मंगरू म्हणाला, “भांडून काई होत नाई. त्याहून मोठा डबा आना म्हना. मानूस मोठ्या आवाजाकडेच वयते.”

सल्ला फुकट होता, म्हणून टिकारामबाबूंनी तो घेतला. शिवाय मागावरची साडी साधीसुधी नव्हती. पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाची होती. ती वेळेवर देण्याचा शब्द त्यांनी अध्यक्षांच्या पत्नीला, सत्यभामाबाईंना, स्वतः छातीवर हात ठेवून दिला होता. आणि टिकारामबाबूंच्या हेडक्लार्कच्या बढतीचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. असली साडी डोमाजींच्या तालावर विणली जावी, हे त्यांना साफ नामंजूर होतं.

मोहाडीच्या बाजारातून त्यांनी डबा आणला. काळा, दोन भोंग्यांचा, वर धरायला कडी आणि आवाजाचं सुपारीएवढं चाक. घरी येऊन मोठ्या समारंभानं बटण दाबलं, तर आतून एक बाई कुठल्याशा परक्या भाषेत मोठ्या लाडानं काहीतरी बोलली. टिकारामबाबू गोंधळून “हो हो” म्हणाले.

“कोन होय ते?” मागावरून शेवंताबाईंनी विचारलं.

“मशीन होय.”

“मंग तुमी तिले हो हो काहून म्हनून राहिले?”

गाणी भरून घ्यायला ते कुंदनच्या मोबाईलच्या दुकानात गेले. कुंदननं कशी गाणी पाहिजेत म्हणून विचारलं. ज्या गाण्यांवर बायको माग चालवील आणि भिंतीपलीकडचं विसरेल अशी, हे काही भर दुकानात सांगता येईना. “डोमाजीच्या डब्याहून जोरदार,” एवढंच ते म्हणाले. कुंदननं सरळ वरातीची गाणी ठासून भरली.

संध्याकाळी काळा डबा माग असलेल्या खोलीत वाजला. भांड्यांच्या फळीवरचे पेले नाचू लागले. आणि काय सांगावं, माग त्याच ठेक्यावर धावू लागला! टिकारामबाबू दारात उभे राहून पाहत होते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच आपल्या तालावर चालतेय, असं त्यांना वाटलं आणि ऊर भरून आला. तो दोन मिनिटं भरलेला राहिला. मग सूत तीन ठिकाणी तुटलं, काठाची वेल बोटभर वाकडी गेली आणि शेवंताबाईंना तेवढं सगळं उसवत बसावं लागलं.

“असे गाने लावाल तर साडी नाई, बांबूची ताट्टी विनून होईन,” त्या म्हणाल्या.

तरी टिकारामबाबूंनी हट्ट सोडला नाही. पण चौथ्या दिवशी डबा मुका झाला. निळा दिवा लागे, पण आवाज काही येईना. आता या माणसानं तो शेजारच्या कोणाला दाखवला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण शेजारी डोमाजी! डब्यासोबत गॅरंटीचा कागद होता आणि त्या कागदावर, भंडारा जिल्ह्याच्या पुढं, दुरुस्तीचा पत्ता गोंदियाचा होता. टिकारामबाबूंनी किरकोळ रजा टाकली, तुमसर रोड स्टेशनवर गाडी धरली आणि मांडीवर डबा घेऊन गोंदियाला गेले.

“भंडाऱ्यावाल्यानं नागपूरले जायाचं,” तिथला माणूस मान वर न करता म्हणाला. “जिल्हे अलग झाले ना.”

“जिल्हे अलग होऊन बारा वर्षं झाली. डबा या वर्षीचा आहे.”

“पन कागद जुना हाये.”

आता ही लढाई टिकारामबाबूंच्या मैदानातली होती. त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथं. अर्जात एकत्र जिल्हा, विभाजित जिल्हा आणि ग्राहकाची झालेली मानहानी यांवर तीन परिच्छेद होते. त्या माणसानं अर्ज वाचला, डबा हातात घेतला, वरचं चाक फिरवलं, आणि दुकानात वरात शिरली.

“आवाज पुरा खाली करून ठेवला होता ना जी कोनी,” तो म्हणाला. “अर्जावर सही राहिली तुमची.”

परतीच्या गाडीत टिकारामबाबूंना आठवलं, डबा मुका झाला त्याच दिवशी शेवंताबाईंनी तो फडक्यानं पुसला होता. एरवी घरात त्यांची सायकलसुद्धा कोणी पुसत नसे. म्हणजे बायकोला आपला आवाज नको, शेजारचा पाहिजे! तुमसर रोड येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

त्यांनी आणखी तीन दिवसांची रजा टाकली. मागासमोर खुर्ची मांडली, मांडीवर काळा डबा घेतला, चाक शेवटापर्यंत फिरवलं आणि त्यावर अंगठा ठेवून पहारा केला. भिंतीपलीकडून बासरीच काय, तोफ वाजली असती तरी ऐकू आली नसती. शेवंताबाई परसात एकदाही गेल्या नाहीत. टिकारामबाबूंनी पहिल्या दिवशी रात्री मिशांवरून हात फिरवला.

पण मागही चालेना. थोडं विणायच्या, थांबायच्या, उठून स्वतःच चरख्यावर बसायच्या, दोन कांड्या भरायच्या, पुन्हा खड्ड्यात उतरायच्या.

“काहून थांबली?” टिकारामबाबू ओरडून विचारत.

“कांडी सरली!”

“मंग भर!”

यावर शेवंताबाई त्यांच्याकडे नुसत्या पाहत. त्या पाहण्याचा अर्थ टिकारामबाबूंना लागला नाही. लागला असता तर पुढची फजिती टळली असती.

तीन दिवसांत साडी दोन वीत पुढं सरकली. तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामाबाई स्वतः आल्या. दारातच दोन्ही कानांवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “लग्न आमच्या घरी हाये, अन् वरात तुमच्या घरी काहून आली?” मग मागापाशी गेल्या, गुंडाळलेली साडी बोटांनी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पदर तर अजून सुरूच नाई झाला! आठ दिवसावर लग्न हाये, टिकारामबाबू. पोरीनं ह्याच साडीवर मन धरलं हाये. तुमचा शब्द होता म्हनून मी दुसरीकडे पाह्यलं नाई. आता घरी काय सांगू?”

टिकारामबाबूंनी होईन, होईन असं काहीतरी म्हटलं. सत्यभामाबाई गेल्या तशी त्यांना ती बढतीची फाईल डोळ्यासमोर दिसली, आणि ती टेबलावरून कपाटात जाताना दिसली. त्यांनी बायकोकडे वळून केविलवाण्या आवाजात विचारलं, “काहून होत नाई वो साडी?”

“तुमचा डबा बंद करा, होते,” शेवंताबाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत बायको इतकं लागेल असं कधी बोलली नव्हती. टिकारामबाबू तोंड उघडणार, तेवढ्यात काळ्या डब्यातली बाई तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि डब्याची बॅटरी उतरली. तीन दिवसांत पहिल्यांदा घरात शांतता झाली. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून बासरी आली.

शेवंताबाई धोटा ठेवून उठल्या. नवरा समोर बसला आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. टिकारामबाबू मागोमाग निघाले. न्हाणीच्या आडोशानं, वाळत घातलेल्या गोधडीखालून, पतसंस्थेचा तो कारकून परसात रांगत गेला. भिंतीवरून एक हात आला. डोमाजींचाच. त्या हातात टोपली होती. शेवंताबाईंनी टोपली घेतली आणि रिकामी टोपली वर दिली.

“डोमाजी!” टिकारामबाबू गोधडीसकट उभे राहिले. “काय हाये त्या टोपलीत?”

भिंतीवर डोमाजींचं डोकं आलं. “अरे बाबू, बरं झालं आले. तीन दिवसापासून बासरी वाजवून राहिलो, पन तुमच्या डब्याच्यानं वहिनीले आयकूच नाई जाऊन राहिली. घरी कांड्यांचा ढीग पडला.”

टोपलीत कांड्या होत्या. कोशाच्या, एकसारख्या भरलेल्या, एकही सैल नाही.

“तुमी... कांड्या?”

“त्यात काय जी? आमची माय मागावर जाडंभरडं विनत होती. पोरपनी कांड्या मीच भरून देत होतो. निवृत्त झालो, बसून बसून जीव विटला. वहिनी एकटीच दोन्ही कामं करून राहिली दिसली, तं म्हटलं द्या इकडे सूत. आता हात चालते पन कान रिकामे राह्यतेत, म्हनून डबा आनला.”

“अन् बासरी?”

“थे सिंगल बेल. म्हंजे गाडी थांबवा, माल घ्या. ढोलकी म्हंजे डबल बेल, जाऊ द्या. अठ्ठावीस वर्सांची सवय हाये बाबू, घंटीबिगर माह्या हातून कामच नाई होत.”

मागून डोमाजींच्या पत्नीचा, पंचफुलाबाईंचा, आवाज आला, “घरी पान्याचा हंडा-गुंड उचलत नाई, अन् लोकाच्या कांड्या भरतेत. सांगा काई टिकारामभाऊ!”

टिकारामबाबू बायकोकडे वळले. “मले काहून नाई सांगितलं?”

“तुमालेच पयले सांगितलं होतं,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुमी म्हनले, ठेवीदार ठेवी काढून नेतीन.”

दुसरा कोणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. टिकारामबाबूंचा मत्सर दुप्पट झाला. आतापर्यंत वाटत होतं की डोमाजी आपल्या बायकोला गाणी ऐकवतात. आता कळलं की ते आपलं काम करतात. पहिलं एक वेळ सहन झालं असतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लाज वाटली, आणि ती वाटल्याचा रागही आला.

संध्याकाळी दारं-खिडक्या लावून ते चरख्यावर बसले. सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं. तासाभरानं सहा कांड्या झाल्या, पण मधेच फुगलेल्या, टोकाला ढिल्या. शेवंताबाईंनी त्या पाहिल्या आणि सकाळी टोपलीतून भिंतीपलीकडे पाठवून दिल्या. दुपारी बासरी वाजली आणि कांड्या पुन्हा भरून परत आल्या. सोबत डोमाजींचा निरोप, “बाबू, सैल कांडी धोट्यात अटकते. सूत डाव्या चिमटीत धरजा.” पतसंस्थेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘त्रुटी पूर्ण करून सादर करावे’ असे शेरे मारणाऱ्या माणसाला आपलं काम त्रुटीसह परत येणं काय असतं, ते त्या दिवशी समजलं.

पण सूत डाव्या चिमटीत धरून पाहिलं, आणि जमलं. मग दोन घरांतून कांड्या येऊ लागल्या. काळा डबा आठ दिवस माळ्यावर, पालीच्या शेजारी होता. लग्नाच्या आदल्या दिवशी साडी मागावरून उतरली. सत्यभामाबाईंनी पदर खांद्यावर टाकून पाहिला आणि शेवंताबाईंचे हात हातात घेतले. बढतीचा कागद अजून टेबलावरच आहे, पण तो विषय वेगळा.

मृगापूर्वीच्या एका रविवारी टिकारामबाबू मागाशेजारी चरख्यावर बसले होते, आणि खिडकी उघडी होती. काळा डबाही खाली आला होता. कुंदनकडून वरात पुसून त्यात जुनी गाणी भरली होती. डोमाजी कार्ड द्यायला तयार होते, पण टिकारामबाबूंनी ते घेतलं नाही. गाणी त्यांनी एकेक करून आपली आपण निवडली. ढोलकी वाजत होती, माग तिच्यावर चालला होता, आणि आज ती ढोलकी निपान्यांच्या घरची होती. शेवंताबाईंनी मधेच वर पाहिलं. त्या हसल्या. टिकारामबाबूंनी मागं वळून खात्री केली; मागं कोणी नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. “टिकारामबाबू, आवाज वाढवा ना जी जरासा! लाइन गेली, माहा डबा उतरला. बिनगान्याचा हात नाई चालून राहिला.”

टिकारामबाबूंनी ऐकलं. अंगठा चाकावर ठेवला. आणि आवाज कमी केला.

माग थांबला. “काहून कमी केला?” शेवंताबाईंनी विचारलं.

“हात लागला.” त्यांनी गुपचूप चाक होतं त्याहून पुढं फिरवलं. ढोलकी गल्लीभर ऐकू जाऊ लागली. तरी माग सुरू होईना. शेवंताबाई धोटा हातात धरून भिंतीकडे कान लावून बसल्या होत्या.

पलीकडे डोमाजींनी स्टीलच्या पेल्यावर कांडी दोनदा आपटली. टिंग, टिंग.

माग सुरू झाला. तो आपल्या डब्यावर चालतो की त्यांच्या घंटीवर, याची टिकारामबाबूंनी एका पाठकोऱ्या कागदावर नोंद ठेवायला सुरुवात केली आहे.